सुई कोण टोचणार

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं धानाच्या गिरणीत लागलो आणि उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायच्या हौदावर उमर गेली. धानानं वाफ किती खाल्ली हे मी दाणा दाताखाली धरून सांगत होतो. मालकाचा इंजिनियर पोरगा एकदा मीटर घेऊन आला. त्याचं मीटर चुकलं, माझा दात नाही चुकला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या चुका वाचून कोणी मला अडाणी म्हणेल. चुका केल्या, पण त्या हट्टानं केल्या.

आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात नवा पेशंट आला की नर्सबाई त्याला माझ्या पलंगाजवळ आणून उभा करतात. "याहिले विचारा, हे जुने आहेत." मग तोच सवाल, तेच रडणं. आम्हाला पाणी मोजून मिळतं. जास्त बोललं की घसा सुकतो आणि वरून कोणी घोटभर देत नाही. म्हणून नातीच्या वहीत लिहून टाकलं. आता वाचा आणि मला बोलायला लावू नका.

ज्या दिवशी कळलं

पायावर सूज होती. बोट दाबलं की खड्डा पडे आणि तसाच राही. मी म्हटलं, म्हातारपण आहे. गुडघे दुखत म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्या खात होतो, सहा-सात वर्षं. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. "ते लाल पट्टीवाली दे" म्हटलं की तो देत होता. मग अन्नावरची वासना गेली, उलट्या लागल्या.

माझी सून करुणा गोंदियाच्या एका दवाखान्यात याच डायलिसिसच्या वॉर्डात नर्स आहे. म्हणजे ज्या बिमारीचं नाव मी ऐकलं नव्हतं, ती बिमारी ती रोज पाहत होती. सहा महिने सांगून राहिली होती, "मामाजी, रक्त तपासा." सुनेनं सासऱ्याच्या पायाकडं पाहावंच कायले, असं माझं म्हणणं. शेवटी मुलगा प्रदीप मला मोटरसायकलवर बसवून तिरोड्यावरून गोंदियाला घेऊन गेला.

किडनीचा डॉक्टर आठवड्यातून एक दिवस नागपूरवरून येत होता. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "बाबाजी, दोन्ही किडन्या आकसल्या. आठवड्यातून तीन वेळा मशीन लावावी लागेल."

"किती आठवडे?"

"आता कायमचं."

मी म्हटलं, "तुमची मशीन बिघडली असल. दुसऱ्या मशीनवर पाहा."

प्रदीपला मी दोन लॅबा आणखी फिरायला लावल्या. सगळीकडं तेच निघालं. शेवटच्या लॅबच्या पायरीवर बसलो. प्रदीप ऑटो पाहायला गेला. करुणा ड्यूटी सोडून आली होती, ती बाजूला उभी राहिली. 'मी सांगत होती ना' असं म्हणायचा तिचा पूर्ण हक्क होता. म्हणाली नाही. मी सांगतो, बिमार माणसाला औषधापेक्षा हे जास्त लागतं. घरच्यांनो, वाचत असाल तर ध्यानात ठेवा.

सुनेचा हात

आमच्याकडे जुन्या घरात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. पाणी द्यायचं तर गडवा समोर ठेवते आणि बाजूला होते. आम्ही विहारात जाणारी माणसं, असल्या रीती मानत नाही असं सांगतो. पण सांगणं तोंडात राहतं, रीत अंगात राहते. करुणा घरात येऊन आठ वर्षं झाली होती आणि लग्नात पाया पडली तेवढाच तिचा हात मला लागला असेल.

नागपूरला ऑपरेशन करून डाव्या हातात नस जोडली. ती जुळून फुगल्यावर त्यातच सुया टोचायच्या. एक सुई रक्त बाहेर काढते, एक आत टाकते. सुई म्हणजे काय, मला पोतं शिवायच्या दाभणाएवढी दिसली. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या टेक्निशियननं टोचली. चुकली. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली. मी असा ओरडलो की बाजूच्या पलंगावरचे गुप्ताशेठ उठून बसले. गोंदियाचे दाण्याचे व्यापारी, तीन वर्षांपासून मशीनवर.

करुणा आली. "मामाजी, मी टोचू का?"

"नाही."

"काऊन?"

"तू सून आहेस."

"इथं मी नर्स आहो. घरी गेली की होईन सून."

गुप्ताशेठ म्हणाले, "भैया, टोचने दो. बहू का हाथ है, जहर थोड़ी है."

मी तोंड भिंतीकडं केलं आणि हात दिला. तिनं नसेवर बोट ठेवलं, कुठं घूं घूं वाजतं ते पाहिलं, आणि सुई गेली. कळलंही नाही. मी विचारलं, "कधी टोचणार?" ती म्हणाली, "झालं जी."

त्या दिवसापासून मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पॅसेंजर, दहा वाजता पलंग, वजनकाटा, सुई, चार तास छताचा पंखा. तिची ड्यूटी संध्याकाळची असली तर मी संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राही. इतर नर्सा नाराज होत्या. होवोत. जी रीत मोडायला मी तयार नव्हतो, ती मोडल्यावर तिचीच नवी रीत करून टाकली. माणूस असाच असतो. मी तरी असाच आहो.

डॉक्टर गेला

वर्षभरानं कळलं की किडनीचा डॉक्टर परदेशात चालला. वॉर्डात हार आणला, समोसे आणले. आम्हाला समोसा बंद, वास तेवढा घ्यायचा. मी मशीनवर होतो, सुया हातात. तो माझ्या पलंगाजवळ आला तर मी मोठ्यानं म्हटलं, "पळून जाऊन राहिले का जी? इथल्या पेशंटवर हात बसवला, आता तिकडच्या गोऱ्याहिले तपासता?"

डॉक्टर चिडला नाही. म्हणाला, "बाबाजी, या कामाला चार डॉक्टर पाहिजेत. आम्ही दोन होतो. एक मागच्या वर्षी गेला. मी एकटा तीन जिल्हे फिरून राहिलो. पोरगी मला फोनवरच ओळखते." मग माझ्या चिठ्ठीवर पाणी कमी करा असं लिहिलं आणि गेला.

मी तरी बडबडतच राहिलो. शिकवायचं आम्ही, वापरायचं त्यांनी, असं बरंच बोललो. करुणा मशीनचं बटण पाहत उभी होती.

परत येताना गाडीत प्रदीप म्हणाला, "बाबा, तुम्ही आज जे बोलले ना, ते करुणालेही लागलं."

"तिले कायले लागन?"

"तिनंही इंग्लंडचे कागद भरले आहेत."

तिरोडा येईपर्यंत मी हाताकडं पाहत बसलो. हातावर पट्टी होती, तिच्याखाली तिनं जोपासलेली नस घूं घूं करत होती.

दार उघडलं, दार लावलं

घरी मी दोघांना विचारलं, "काऊन जाता?"

करुणानं सरळ सांगितलं. अकरा महिन्यांच्या ठेक्यावर आहे. दर अकरा महिन्यांनी कागद पुन्हा भरायचा आणि साहेबाच्या दारात उभं राहायचं. सात वर्षं झाली, पक्की जागा निघत नाही. वॉर्डात मशीनी वाढल्या, हात वाढले नाहीत. इंग्लंडात म्हाताऱ्यांच्या घरात काळजी घ्यायचं काम होतं. शिकली नर्स आणि काम म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं, पण नवरा-लेकरू सोबत नेता येत होतं. पुढं नर्सची परीक्षाही देता येत होती.

म्हातारा घरी एक आहेच की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडं पाहिलं म्हणून गिळलं.

कागद अर्धे झाले तर तिकडच्या सरकारनं नियम बदलला. काम करायला या, पण नवरा-लेकरं आणायची नाहीत. आता हे कोणतं शहाणपण? माझ्या गिरणीत मालक म्हणाला असता की तुझे दोन हात आण, बाकीचा तू घरी राहा, तर मी त्याला हौदात ढकललं असतं.

घरात भांडण लागलं. प्रदीप म्हणाला, "म्हणजे तू तिकडं, मी इकडं पोरगीची वेणी घालू?"

करुणा म्हणाली, "मी घालत होती तेव्हा ते काम होतं ना? तुम्ही घातली तर काय हात झिजते?"

दहा दिवस दोघं बोलले नाहीत. नात मधात निरोप नेत होती. "पप्पा, मम्मी म्हणते गॅस संपला." शेवटी प्रदीप नरमला, म्हणाला, दोन-तीन वर्षं काढू. ती एकटी जायला तयार झाली. कागद पुन्हा भरले. आणि तिकडच्या सरकारनं पुन्हा नियम बदलला. त्या कामासाठी बाहेरून माणसंच घेणं बंद.

करुणा त्या दिवशी ओसरीत बसून होती, मोबाईल मांडीवर पालथा. कोणी जेवलं नाही. मी जेवलो. दोन घास जास्त जेवलो. लपवून काय उपयोग? मला बरं वाटलं होतं. तिचं दार बंद झालं आणि माझी सुई पक्की झाली. माझ्यासारख्याच बिमार माणसांसाठी लिहितो म्हणून हेही लिहितो. बिमारी माणसाला शरीरानं जेवढं खाते, तेवढंच मनानं कोतं करते.

बासी

मग जर्मनी निघाली. तिकडं नर्स म्हणूनच घेतात, पण आधी त्यांची भाषा शिकून परीक्षा पास व्हायची. पुढं नवरा-लेकरूही नेता येतं, म्हणतात. उद्या काय म्हणतील ते उद्या. पोळ्या लाटताना करुणाच्या कानात ती भाषा चालू. बुढी म्हणे, "अजी, सून भांडून राहिली का कोणाशी?" मला तर ते घशात अडकलेला काटा काढल्यासारखं वाटे.

परीक्षा नागपूरला, शनिवारी. सकाळी लिहायची, दुपारी बोलायची. ती गुरुवारीच गेली. जाताना म्हणाली, "मामाजी, शुक्रवारी सरिता टोचन. हात चांगला आहे तिचा. चुकवू नका."

सरिता म्हणजे बालाघाटकडून आलेली नवी टेक्निशियन. मी हो म्हटलं आणि शुक्रवारी गेलोच नाही. बुढीला सांगितलं, गाडी चुकली. सोमवारी करुणा येईल, तेव्हा करू. तीन दिवसांचे पाच दिवस झाले तर काय होते?

वैशाख होता. मी पाण्याचा हिशेब बरोबर ठेवत होतो. गिलास मोजून पीत होतो, एक थेंब जास्त नाही. पण सकाळी बासी खात होतो. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन वाडगाभर ओरपायचा. दुपारी पेज. हे माझ्या बापानं खाल्लं, मी खाल्लं. हे जेवण आहे. पाणी गिलासात असतं, वाडग्यात अन्न असतं. करुणा काट्यावर माझं वजन पाहून दर वेळी विचारत होती, "मामाजी, पाणी किती पेता?" मी खरं सांगत होतो. तिला वाटे मी खोटं बोलतो. तिनं बासीचं विचारलं नाही, कारण ती निघाली की मागून बुढी वाढत होती. आणि बुढीनं सांगितलं नाही, कारण भातात काय सांगायचं असतं?

शनिवारी सकाळी बासी खाऊन उठलो तर छातीत पाणी भरल्यासारखं झालं. झोपता येईना. बसलो तरी श्वास पुरेना. बुढी ओरडली. प्रदीपनं शेजाऱ्याच्या गाडीत टाकलं. गोंदियापर्यंत मी खिडकीबाहेर तोंड काढून होतो, आणि बाहेर एवढी हवा असून माझ्या वाट्याला येत नव्हती. मरण काय असतं ते मला तिथं कळलं. तरी पहिला विचार आला, सुई कोण टोचणार. एवढा मी गाढव.

सरितानं टोचली. नाही म्हणायला माझ्यात दम नव्हता. "बाबाजी, हाथ ढीला छोड़ो, बस हाथ ढीला छोड़ो." तिनं मशीन लावली आणि तासाभरात छाती उतरली. डोळे उघडले तर दुपार कलली होती आणि पायथ्याशी करुणा उभी होती. अंगात परीक्षेसाठी घातलेला नवा ड्रेस, गळ्यात नंबराची चिठ्ठी.

मी विचारलं, "दुपारची परीक्षा?"

ती म्हणाली, "आज काय खाल्लं, मामाजी?"

प्रदीप बाहेर नेऊन माझ्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडला असता, पण मी उठू शकत नव्हतो, म्हणून तिथंच ओरडला. "तिनं वर्षभर रट्टा मारला. अर्धी परीक्षा सोडून आली. तुम्ही दुसऱ्या कोणाच्या हातानं टोचून घेत नाही म्हणून!" गुप्ताशेठनं तोंडावर पेपर घेतला.

मी त्याला ओरडू दिलं.

नव्या पेशंटांनो, हे पाठ करा. बासी पाणी आहे. पेज पाणी आहे. आंबील, वरणाचा रस्सा, कलिंगड, सगळं पाणी आहे. आणि एका हाताची सवय लावून घेऊ नका.

हट्टाला हट्ट

करुणानं सांगून टाकलं, "मी परीक्षा देत नाही. झालं माझं." आणि कानातली ती भाषा बंद केली. घर शांत झालं. दोन महिन्यांपूर्वी हीच शांतता मला पाहिजे होती. आता ती मला खाऊन राहिली.

सोमवारी वॉर्डात ती ट्रे घेऊन आली. मी हात चादरीखाली घेतला.

"हे काय जी?"

"सरिताले बोलाव."

"काऊन? मी आहो ना."

"तू फॉर्म भर पुन्हा. तू फॉर्म भरशील तवा माझा हात तुले भेटन. तोवर सरिता."

"मामाजी, पोरासारखं करू नका."

"पोरासारखं नाही, म्हाताऱ्यासारखं करून राहिलो. पोराले तरी कोणी समजावते."

सरिताची सुई पहिल्या दिवशी ठीक गेली. दुसऱ्या दिवशी नस फुटली आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात जांभळा झाला. मी घरी पूर्ण बाहीचा शर्ट घालून बसलो. त्या उन्हात. करुणानं बाही वर केली, पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. बुढी म्हणाली, "अजी, दोघंही सारखेच आहा. सून कमी, तुमची लेकच जास्त."

पंधरा दिवसांनी करुणानं फॉर्म भरला. मी हात पुढं केला. तिनं घेतला नाही. म्हणाली, "आता सरिताचाच हात बसू द्या. मी बाजूला उभी राहते." आणि उभी राहिली. सरिताला सांगे, इथं नाही, दोन बोटं वर. बाबाजी आखडतात, आधी बोलत ठेव. मला वाटलं ती माझी वाटणी करून देऊन राहिली. मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. तिकडच्या सरकारवर? ते माझं तोंड पाहून दार उघडत नाही आणि लावत नाही. इकडच्या सरकारवर? सात वर्षांत एक पक्की जागा काढली असती तर माझी सून पोळ्या लाटताना काटे गिळत बसली नसती. ती जाईल, पुढं प्रदीप आणि नात जातील, घरात बुढी आणि मी. हे सगळं मला दिसत होतं. तरी हात सरिताकडंच.

बुधवार

या वेळी परीक्षा बुधवारी आली. म्हणजे माझ्या मशीनचाच दिवस.

करुणा आदल्या दिवशी नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "सुई लागली की फोन करतो म्हणून शब्द द्या. लागली नाही तर मी निघीन. त्या दिवशीसारखी तुमची छाती भरू देणार नाही मी."

"परीक्षेत बस ना निमूट."

"शब्द द्या."

दिला. मी शब्दाचा पक्का आहो, गिरणीत विचारा.

सकाळी बासी नाही, कोरडी भाकर. एकटाच गाडीत बसलो, प्रदीपला येऊ दिलं नाही. वजनकाट्यावर उभा राहिलो तर सरिता म्हणाली, "वाह बाबाजी, आज तो हीरो हो." पलंगावर पडलो, हात दिला. तिनं नस चाचपली, टोचली. चुकली. सुई काढून कापूस दाबला. तिच्या कपाळावर घाम होता. "बाबाजी, थोड़ा रुकते हैं. सूजन आ रही है."

तेव्हाच फोन वाजला. उशाला ठेवला होता. करुणा.

"मामाजी, आत बोलावून राहिले. फोन जमा करावा लागते. लागली सुई?"

सरिता माझ्याकडं पाहत होती. तिकडं गुप्ताशेठही मान वळवून पाहत होते. माझ्या हातातून कापसाबाहेर रक्त आलं होतं. मशीन बंद, नळ्या लटकलेल्या.

"लागली."

"मशीनचा आवाज नाही येऊन राहिला."

"दुसरीकडं तोंड करून बोलून राहिलो. दोन्ही लागल्या. एका झटक्यात. तुझ्याहून बरी टोचते ही."

ती म्हणाली, "खरं?"

"खोटं बोललो का कधी? जा आत. आणि त्याहिच्याशी नीट बोल, भांडल्यासारखं नको बोलू."

फोन बंद झाला. सरिता म्हणाली, "बाबाजी, ये क्या किया? दूसरी बार भी नहीं लगी तो?"

मी हात पुन्हा तिच्यासमोर ठेवला. मूठ उघडी सोडली, तिनं त्या शनिवारी शिकवलं तशी.

"टोच," मी म्हटलं. "तुले घाई नाही आणि मले कुठं जायचं नाही. लागेपर्यंत टोच."